पांढऱ्या साडीतला चेहरा

ताईच्या लग्नाची फिल्म आमच्या घरी पहिल्यांदा लागली, तेव्हा आईनं सगळ्यांसाठी चहा करून आणला होता. स्वतःचा कप संपायच्या आत ती उठून स्वयंपाकघरात गेली.

आमचं घर कुरखेड्याला, आणि लग्न बौद्ध पद्धतीचं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, मामा-मावश्या, आत्या, शेजारपाजार सगळे पांढरेशुभ्र. फिल्ममध्ये साड्या चमकत होत्या, मांडवाची झालर दिसत होती, उधळलेल्या फुलांची एकेक पाकळी दिसत होती. दिसत नव्हते ते चेहरे. कोण कुठे उभं आहे हे आम्ही साडीच्या काठावरून ओळखत होतो. आई पूर्ण वेळ ताईच्या शेजारी उभी होती आणि पदराखाली तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता.

मी तिला हाक मारली, पुढचं पाहायला ये म्हणाले. ती आतूनच बोलली.

"माह्या तोंडाचा फोटो येत नाई, बाई. मी काळीच आहो तशी."

भाजीत मीठ कमी आहे, इतक्या साध्या आवाजात तिनं ते सांगितलं. तेव्हापासून कुणी कॅमेरा काढला, अगदी साधा मोबाइल वर केला, तरी आई पदर ओढून बाजूला व्हायची. नात्यातल्या लग्नात फोटोच्या वेळी तिला शोधायचं असेल तर भांडी घासायच्या जागेकडे जावं लागायचं. मला राग पटकन येतो आणि जायला वेळ लागतो. हा राग तर चार वर्षं गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

बी.ए. झाल्यावर मला गडचिरोलीत एका फोटो स्टुडिओत काम मिळालं, कॉम्प्युटरवर अल्बम लावायचं. मालकांना सगळं गाव चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि चाचाही कॅमेरा असा धरायचे की जणू त्याच्या आतल्या चाकांचा आवाज त्यांना ऐकू येतो. त्यांच्याकडे खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा होता. शहरात तो आता जुना झाला असेल, पण आमच्या भागात खांद्यावरचा कॅमेरा आला की लग्न भारी झालं असं आजही मानतात.

आठवड्याभरातच मी त्यांना सांगितलं की मला हा शिकायचा आहे. त्यांनी वर-खाली पाहिलं, चहा मागवला आणि म्हणाले, माझा चहा होईपर्यंत खांद्यावर घेऊन उभी राहा. इतका सावकाश चहा पिणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. खांदा निखळतो की काय असं वाटलं, पण मी हूं की चूं केलं नाही. कप ठेवत ते म्हणाले, उद्यापासून शिकवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधायला सांगितली.

लेन्सवर तीन रिंगा असतात. पुढची फोकसची, मधली झूमची आणि सगळ्यात मागे आयरिसची. आयरिस म्हणजे लेन्सचं बुबुळ, आत किती उजेड घ्यायचा ते त्याच्या हातात. त्याचे आकडे उलटे चालतात. आकडा मोठा तर बुबुळ बारीक, आकडा लहान तर बुबुळ मोठं. चाचांनी प्रत्येक आकड्यापाशी नेलपॉलिशचा थेंब वाळवून बारीक उंचवटा केला होता. ते "आठ" म्हणाले की माझं बोट आठवर, "चार" म्हणाले की चारवर. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या गिऱ्हाइकांना डोळ्यांवर पट्टी बांधून कॅमेऱ्याला मिठी मारून बसलेली मुलगी दिसायची. एका आजीबाईंनी तर हळहळून विचारलं की पोरीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का.

कॅमेऱ्यावरच्या ऑटोच्या बटणावर चाचांनी दवाखान्यातली चिकटपट्टी लावून ठेवली होती. एके दिवशी मी विचारलं, याचं एवढं काय वाकडं आहे?

"ऑटोले माणूस समजत नाई, बेटा," चाचा म्हणाले. "त्याले फक्त उजाला समजते. पांढरं दिसलं का घाबरून डोळा बारीक करते. साडी बचते, माणूस डूबते."

मी विचारलं, आणि सगळेच पांढऱ्या कपड्यांत असले तर?

"मग तर पुरीच डूबली ना पब्लिक."

मी डोळ्यांवरची ओढणी काढली. चार वर्षांचा राग कुणावर काढायचा ते मला त्या क्षणी कळलं. ताईच्या लग्नात कुणीतरी एक बटण दाबून मोकळा झाला होता आणि आमच्या आईनं त्याचा दोष स्वतःच्या तोंडाला लावून घेतला होता. फोन करून हे तिला सांगावं असं फार वाटलं. पण सांगून काय होणार, ती "बरं" म्हणाली असती आणि जेवलीस का विचारलं असतं. तिला दाखवायलाच हवं होतं. मामाच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, तेही कुरखेड्यालाच. ते मीच काढणार, असं मी मनाशी पक्कं केलं आणि चाचांनाही बजावून टाकलं. ते म्हणाले, आधी दुसऱ्याचं एक बिघडवून घे.

तेही मी मनापासून केलं. पोंभुर्ण्याजवळच्या एका बौद्ध लग्नात चाचांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. सुरुवातीला कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. एखाद्या पांढऱ्या वस्तूनं चित्र भरायचं आणि बटण दाबायचं, मग तो बाकीचे रंग त्यावरून लावतो. मी इकडेतिकडे पाहिलं. नवरीच्या मावशीइतकी पांढरी साडी मांडवात दुसरी नव्हती. तिच्या पदरावर झूम करून मी ऐटीत बटण दाबलं. डोळा लावून पाहायच्या फाइंडरमध्ये चित्र काळं-पांढरंच दिसतं, त्यामुळे दिवसभर मी खुशीत होते.

स्टुडिओत येऊन टीव्हीवर लावलं तर सगळं लग्न पिवळं. आमच्याकडे लग्नाची पांढरी साडी नीळ दिल्याशिवाय कुणी नेसत नाही, आणि मावशीबाईंनी नीळ सढळ हातानं दिली होती. त्या निळसर पदराला कॅमेऱ्यानं पांढरं मानलं आणि खरं पांढरं होतं ते पिवळं केलं. त्या घरानं हळदीचा कार्यक्रम मुद्दाम टाळला होता, आणि मी नवरा-नवरीसकट अख्ख्या वऱ्हाडाला हळद लावून ठेवली होती. चाचा खुर्चीला धरून हसले. मग कॉम्प्युटरवर रंग सुधारता सुधारता माझे तीन दिवस गेले. आईला फोनवर सांगितलं तर तीही पोट धरून हसली. कानाला खडा लावला आणि तेव्हापासून पिशवीत ड्रॉइंगचा कोरा कागद ठेवू लागले.

पण खरी अडचण वेगळीच होती. फाइंडरमध्ये एक सोय असते. चित्राचा जो भाग ठरावीक उजेडापर्यंत पोचतो, त्यावर तिरके पट्टे दिसतात. चाचांना नागपूरच्या कारागिरानं शिकवलं होतं की त्या उजेडाचा आकडा शंभरपैकी सत्तरवर ठेवायचा आणि माणसाच्या कपाळावर पट्टे दिसू लागले की आयरिस बरोबर. पोंभुर्ण्याला मी तसंच केलं होतं. चेहरे बुडाले नाहीत हे खरं, पण आमच्या लोकांच्या कपाळावर पट्टे यायला मला बुबुळ इतकं उघडावं लागलं की साड्यांची नुसती पांढरी चादर झाली. काठ गेला, चुण्या गेल्या. नवरीच्या हातातला पांढऱ्या फुलांचा हारही गेला.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी कॅमेरा तिवईवर ठेवला, अंगाभोवती पांढरी चादर गुंडाळली आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसले. बसायचं, उठायचं, आयरिस जरा फिरवायची, पुन्हा बसायचं. मग सगळं टीव्हीवर पाहिलं. मधेच एका ठिकाणी मी होते. गोरी नाही, कोळसा नाही, आरशात दिसते तशी, आणि चादरीच्या घड्याही जागच्या जागी. आयरिस तिथे ठेवून मी चाचांना स्टुलावर बसवलं. त्यांचा रंगही माझ्याच वळणाचा. पट्ट्यांचा आकडा सत्तरवरून खाली आणत गेले, तर चाचांच्या कपाळावर ते पंचावन्नला आले.

मी त्यांना सांगितलं की तुमचा सत्तरचा आकडा आपल्या लोकांसाठी नाही, तो दुसऱ्या कुणाची तरी तोंडं पाहून ठरवलाय. हे बोलताना माझा आवाज जरा चढलाच. चाचांनी माझं ते चित्र टीव्हीवर पुन्हा लावून पाहिलं. मग उठून त्यांनी कॅमेऱ्याच्या अंगावरची "७०" लिहिलेली जुनी पट्टी नखानं खरवडून काढली आणि नवी पट्टी व पेन माझ्या हातात दिलं. मी "५५" लिहिलं. इतका आनंद मला बी.ए.च्या निकालानंही झाला नव्हता.

मामाच्या मुलीच्या लग्नाला चाचा पाहुणे म्हणून आले आणि पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसले. कॅमेरा माझ्या एकटीच्या खांद्यावर. सकाळचे अकरा वाजलेले, मांडवात पांढरंच पांढरं. कागद दाखवला, बटण दाबलं, आकडा पंचावन्न. वंदना सुरू झाली. आई नवरीच्या मागे उभी होती. मी पुढे सरकले तशी ती पदर ओढत मामीच्या आड गेली. पुन्हा सरकले, पुन्हा गेली. मला तिथेच भांडावंसं वाटलं.

मग डोकं चाललं. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि सरळ मांडवाच्या शेवटच्या खांबाशी गेले. पोरगी दमली असं तिला वाटलं असावं. ती मामीच्या आडून बाहेर आली, हात जोडले आणि नवरीकडे पाहत उभी राहिली. मी झूमची रिंग टोकापर्यंत नेली. तरी ती लांबच. लेन्सच्या अंगाला एक दांडी असते, ती पाडली की चित्र दुप्पट जवळ येतं, पण ती उजेड खाऊन टाकते. दांडी पाडली आणि आई अंधारात गेली, ताईच्या लग्नातली होती तशीच. माझा डोळा फाइंडरलाच होता. बोट आपणहून मागच्या रिंगेवर गेलं. पाच पॉइंट सहाचा थेंब, चारचा थेंब, दोन पॉइंट आठचा थेंब. आईच्या कपाळावर बारीक पट्टे आले. फोकसची रिंग केसभर फिरवली, आणि तिच्या पापण्या मोजता येतील इतक्या लख्ख झाल्या. ती वंदना म्हणत होती. मग नवरीकडे पाहून ती हसली, तेव्हा मी श्वास रोखून धरला, कारण श्वासानंही चित्र हललं असतं.

चार दिवसांनी दुपारी मी ते घरी टीव्हीवर लावलं. आई यायला तयार नव्हती, ओले हात दाखवत दारातच थांबली. चित्र लांब उभ्या असलेल्या तिच्यापाशी गेलं आणि पुढच्याच क्षणी अख्ख्या पडद्यावर ती होती. सावळी, नाकाजवळचा तीळ, पांढऱ्या पदराचा बारीक काठ, सगळं. हात साडीला पुसत ती टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मला मागचं काही दिसेना.

"थांबव," ती म्हणाली. मी थांबवलं.

"हे मीच आहो?"

"तूच."

"मंग ताईच्या लग्नात काऊन तसं झालं व?"

"त्या कॅमेरावाल्यानं लेन्सचं बुबुळ दोन आकडे कमी उघडलं होतं, आई. बाकी काही नाही."

तिनं मान हलवली. मग खिडकीपाशी जाऊन तिनं शेजारच्या काकूला हाक मारली, ती आली नाही तेव्हा दुसऱ्यांदा, जरा मोठ्यानं, आणि सांगितलं की काम राहू दे, आधी इथी ये, मी कशी दिसतो ते पाहून जा.