वालाच्या शेताकडची खिडकी

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी जनू धुमाळ खिडकीखालची भिंत फोडत होते. ती त्यांनीच गेल्या आठवड्यात बांधली होती.

खांब गावातलं हे नवं घर इलियास यांचं. ते मस्कतला असतात, त्यामुळे बांधकामाचे निर्णय फोनवर होतात. आई सुगराबी यांच्या खोलीत निसर्ग हवा म्हणून त्यांनी एक चित्र पाठवलं होतं: भिंतभर कागद, त्यावर डोंगर आणि धबधबा. खिडकी नकाशाप्रमाणे, जमिनीपासून तीन फुटांवर.

जनू पंचावन्न वर्षांचे. पेण आणि रोहा तालुक्यांत तीस वर्षं गवंडीकाम करतात. खिडकी तीनच फुटांवर का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

काल दुपारी सुगराबी खोली बघायला आल्या. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, दिवसभराची कामं चटईवर बसून चालतात. त्या खिडकीसमोरच्या भिंतीशी पाय लांब करून बसल्या.

"जनू, माझा वाल कुठं हाय रे?"

"समोर हाय की, चाची."

"तू बस इथं नि दाखव."

जनू बसले. डोंगराचं टोक दिसलं, बाकी आभाळ.

घरामागच्या त्या वालाच्या शेतात रोज गुरं शिरतात. आईला राखण जमत नसेल तर पुढच्या वर्षी शेत पडीक ठेवू, असं इलियास यांनी आधीच सांगितलं होतं. जनूंनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"इलियासभाई, डोंगर भायेर उभा हाय. त्याचा कागद कशाला लावता? खिडकी दीड फूट खाली घेतो."

"अम्मी तिथून नुसती गुरांवर ओरडेल."

"मग काय तुझ्या धबधब्यावर ओरडू?" सुगराबी मागून म्हणाल्या.

इलियास हसले. "बसून शेत दिसलं तर चालू ठेवू. फोटो पाठवा."

आज साडेअकराला भिंत दीड फुटावर आली. सुगराबी बसल्या. वाल दिसला, कुंपण दिसलं आणि कुंपणाच्या आत एक तांबडी गाय.

"हाड, हाड!" गाय हलली नाही. "गो गिरजा, तुझी गाय ने!"

"व्हय गो, आली!" शेजारच्या गिरजाबाई कुंपणापलीकडून ओरडल्या. "आता घरात बसून पन दिसतंय काय तुला?"

जनूंनी सुगराबींच्या शेजारी बसून फोटो काढला, गायीसकट. मस्कतहून उत्तर आलं: शेत चालू ठेवा, कागद नको.

उद्या सकाळी आठ वाजता कोलाडचा सुतार नव्या चौकटीचं माप घ्यायला येणार आहे. सुगराबी चटईवर बसल्याशिवाय माप घ्यायचं नाही, असं जनूंनी त्याला सांगून ठेवलं आहे.