अहवालासाठी पाहिलेला तलाव

पुण्याहून निघाले तेव्हा अहवाल अर्धा लिहून झाला होता. एका कंपनीनं भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाचं 'पुनरुज्जीवन' केलं होतं. तो तलाव पाहून कंपनीच्या पर्यावरण अहवालासाठी दोन पानं लिहायची, एवढंच माझं काम.

नागपूरहून पवनीची एसटी, तिथून दुसरी. आसगावच्या पुढे चुकीच्या थांब्यावर उतरले आणि बांध्यांमधून (बांध घातलेली धानाची शेतं) चिखल तुडवत मागे आले.

तलावाआधी फलक दिसला. बदलत्या हवामानामुळे इथले मासे नाहीसे होत होते, कंपनीनं तलावाला जीवदान दिलं, असं त्यावर लिहिलं होतं. काठ दगडांनी बांधलेला, बसायला बाक, पाणी स्वच्छ. खरं सांगते, मला तलाव आवडला.

पाळीवर (तलावाच्या बांधावर) सगुणाबाई फाटलं जाळं सांधत बसल्या होत्या. ढिवर घरातल्या; लग्न होऊन आल्यापासून याच तलावात मासे धरणाऱ्या. हवामान बदलाचा फटका कसा बसला, असं मी विचारलं. त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"ऊन वाढलं, पानी कवाही येते, ते खरं आहे. पन मासोळी उन्हानं नाही गेली, बाई. मशिनीनं तळचं गवत खरडून नेलं. मंग मासोळी अंडे कुठं घालन?"

गवत काढू नका, असं गावातल्या बायांनी कंपनीच्या साहेबांना आधीच विनवलं होतं. साहेबांच्या लेखी तो कचरा होता. आता सगुणाबाईंचे यजमान मासेमारी सोडून जवाहरनगरकडे बांधकामावर जात होते.

दुपारी त्यांनी आग्रहानं जेवायला बसवलं. भात आणि माशांचा तिखट रस्सा. मी चवीचं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी खाली बघत सांगितलं की मासे पवनीच्या बाजारातले आहेत, बर्फातले. दुसऱ्यांदा रस्सा घेणं मला जमलं नाही.

निघताना त्यांचा फोटो काढला. परतल्यावर त्यांनी सांगितलं तसंच सगळं लिहून पाठवलं. कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यानं फोनवर माझ्या लेखनाची स्तुती केली आणि 'थोडं सकारात्मक' करून घेतो म्हणाला. मी हो म्हटलं. भांडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

अहवाल छापून आला. मजकुराखाली माझं नाव, शेजारी सगुणाबाईंचा फोटो. एक प्रत त्यांनाही पोचली. त्यांचा फोन आला. फोटो चांगला आला म्हणाल्या, आणि खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं.

मी वाचलं, "हवामान बदलानं आमचे मासे हिरावले, कंपनीनं ते परत दिले."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"हे मी कवा म्हनलं, बाई?"

तलावाचं गवत यंत्रानं खरडलं होतं. त्यांच्या तोंडचे शब्द खरडून नेले तेव्हा मात्र मी तिथेच होते.