आईच्या झोपेचा रकाना

काटावाली ताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला सातवा महिना होता. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत बाळाचं वजन करायचा काटा. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर घरोघरी जाणाऱ्या सरकारी सेविकांपैकी ती एक. वय पन्नाशीचं. तिचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही.

मी साहित्यात एम.ए. केलं आहे. आईपणावरही पुष्कळ वाचलं होतं. बाळ झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यातलं अक्षरही कामी आलं नाही.

ताई आली की आधी हात धुवायची. मग माझ्याकडे बघायची. बाळाकडे नंतर.

"काल किती झोपलीस?"

"झोपले की."

"किती, ते विचारलं."

"दीड तास."

ती तक्त्यात लिहायची आणि मग काटा काढायची. दीड लिहिलं त्या दिवशी जाताना सासूबाईंना म्हणाली, "नातू ठणठणीत आहे. आता जरा सुनेकडे बघा."

त्या आठवड्यापासून ती दोनदा येऊ लागली. बाळाला घेऊन स्वयंपाकघरात सासूबाईंशी गप्पा मारत बसायची. तेवढा तासभर मी झोपायचे. अशी दुसरी फेरी नियमात नव्हती, हे मला फार नंतर कळलं.

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा तिच्याबरोबर एक तपासनीस आले. या सेविकांच्या योजनेचं अनुदान वर्षअखेरीला संपणार होतं. पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर होतं. हातात ताईचे तक्ते.

"तुमचं बाळ दीडच तास झोपायचं?"

"नाही. सोळा-सतरा तास."

"इथे दीड आहे. यांच्या तक्त्यात एकही बाळ सहा तासांच्या वर झोपत नाही. ऑफिसात वाटलं, या भागात कसली साथ आली की काय."

ताई काटा पुसत होती. "ती आईची झोप आहे, साहेब."

"रकान्यावर 'बाळाची झोप' छापलंय."

"बाळं झोपतातच. आयांची लिहायला जागा कुठे होती?"

"म्हणून तीन वर्षं चुकीचं भरलंत? मी आता अहवालात काय लिहू?"

"साहेब," सासूबाई म्हणाल्या, "आधी बसा. उभ्यानं कसला अहवाल."

ते बसले. मी तक्ता मागून घेतला. माझी ओळ सापडली. दोन. दोन. दीड. मग साडेतीन. चार. साडेपाच.

मी बघत राहिले. माझं कुणी मोजत होतं, हे मला माहीत नव्हतं.

"हा दीड," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बाळाला घेऊन जिन्यात उभी होते. कशासाठी आले, ते आठवत नव्हतं. सगळे बाळाची चौकशी करायचे. हिनं माझी केली. त्याच आठवड्यापासून ती दोनदा यायला लागली."

तपासनिसांनी तक्ता परत घेतला. एकेका घराच्या ओळीवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"दुसरी फेरी झाली की आकडा चढतोय," ते म्हणाले. "जवळजवळ प्रत्येक घरात."

"चढणारच," ताई म्हणाली.

अनुदान आणखी दोन वर्षांसाठी मंजूर झालं. दुसरी फेरी नियमात आली. तक्ता नवा छापला, त्यात आईच्या झोपेचा रकाना आहे.

परवा ताई तो घेऊन आली. हात धुतले, माझ्याकडे बघितलं.

"किती?"

"सात."

तिनं योग्य जागी सात लिहिलं. मग बाळाच्या रकान्याकडे बघत म्हणाली, "आता हेही विचारावं लागतं बघ. वाढवलं माझं काम."