आणखी थोडे मागे

मुलगी लेन्स बदलता येणारा तिचा पहिला कॅमेरा घेतेय, म्हणून परवा माझा जुना काढला. पिशवी उघडताच कोंदट वास आला. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं पसरलं होतं.

मी तो घेताना दुकानदार म्हणाला होता, "घरच्यांचे फोटो काढणार ना? मग ही छोटी लेन्स न्या." मी मोठी घेतली, लांबचं जवळ दाखवणारी. त्याच संध्याकाळी वडिलांना, आबांना, मांडवीच्या जेटीवर उभं केलं. सगळं आयुष्य होडीवर काढलेला माणूस, पण फोटोसाठी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्या लेन्समध्ये ते काही मावेनात आणि माझ्या पाठीमागे भिंत.

"आबा, थोडे मागे. आणखी थोडे."

"अरे, दर्यात ढकलतोस काय मला?" ते हसले. मी बटण दाबलं. पुढच्या क्षणी चौकटीत नुसता समुद्र होता.

खालच्या पायऱ्यांवर पडून त्यांचा खुबा मोडला. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी आईला सांगून टाकलं, "शेवाळावरून घसरलो गो." मी ते तसंच राहू दिलं. आबा पुन्हा होडीत चढले नाहीत. ते गेल्यावर भिंतीवर तोच फोटो लागला. काय छान हसलेत, असं सगळे म्हणतात. मी रोज त्या हसण्याखालून जातो.

"बाबा, कोणती लेन्स घेऊ?" मुलीने विचारलं.

"बस जरा," मी म्हटलं. "आधी आबा कसे पडले ते ऐक."