वटवाघळांच्या परिषदेतले उजेडकाका

सभागृहाच्या मागच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्यामागे उजेडकाकांची खोली. खोली कसली, कपाटाला दार लावावं एवढी जागा. आत एक प्रोजेक्टर, दिव्यांची बटणं आणि स्टूल. वक्ता म्हणायचा, "काका, अंधार!" की ते दिवे मालवत, "काका, उजेड!" म्हटलं की लावत. नशीब म्हणून उजेडकाका नाव पडलं, अंधारकाका पडायलाही वेळ लागला नसता, असं ते स्वतःच सांगत.

संशोधन संस्थेत ते विजेच्या कामाला लागले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. तिथे दरवर्षी वटवाघळांच्या अभ्यासकांची परिषद भरे. पहिल्याच वर्षी एका प्राध्यापकांची स्लाइड उलटी आहे असं वाटून काकांनी ती फिरवून घातली. सभागृहात हशा पिकला. प्राध्यापक खिडकीकडे वळून म्हणाले, "अहो, उलटं लटकणं हाच त्याचा धंदा आहे!" तेव्हापासून काका प्रत्येक भाषण कान देऊन ऐकू लागले. पुन्हा फजिती नको एवढाच हेतू होता, पण ऐकता ऐकता गोडी लागली. जेवताना ते बायकोला सांगत, वटवाघूळ अंधारात नुसत्या आवाजावरून वाट काढतं. ती म्हणे, "आणि तुम्हाला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही!"

एका वर्षी एक तरुण संशोधिका पहिलाच निबंध घेऊन आली. आदल्या संध्याकाळी रिकाम्या सभागृहात तिने तालीम केली. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काकांनाच दोनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिचा पाय अडखळला आणि चाळीस स्लाइड पायऱ्यांवर विखुरल्या. भाषणाला दहा मिनिटं होती. ती तिथेच मटकन बसली.

"तुम्ही आधी पाणी प्या," काका म्हणाले. त्यांनी एकेक स्लाइड दिव्यासमोर धरायला सुरुवात केली. "ही गुहेच्या तोंडाची, ही पहिली. मग मादी, मग पिल्लू, मग तो चढता आलेख..."

"काका, तुम्हाला कसं माहीत?"

"काल दोनदा ऐकलंय की!"

भाषण झकास झालं. पण खरी गंमत नंतर, चहाच्या रांगेत झाली. दूरदेशीच्या एका प्राध्यापकांनी सभागृहात तोंड उघडलं नव्हतं. ते तिच्यामागे कप घेऊन उभे होते. हळूच म्हणाले, "तुमच्या आलेखात एक चूक आहे. माझ्याही होती." दोघांनी कागदी रुमालावर रेघोट्या ओढल्या, चहा गार झाला, आणि त्या रुमालावरून पुढे दोघांचं सहा वर्षांचं काम उभं राहिलं. काकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

स्लाइड गेल्या, लॅपटॉप आले. मग एक वर्ष असं उगवलं की प्रवासच बंद झाले आणि परिषद पडद्यावर भरली. काका आता वक्त्यांचे आवाज चालू-बंद करू लागले. खिडकीतून तीनशे रिकाम्या खुर्च्या दिसत. तरी काकांनी कुरकुर केली नाही. कारण एक बाई मांडीवर तान्हं बाळ घेऊन बोलली होती, आणि अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या अभ्यासकांनी बारा वर्षांनी परिषद ऐकली होती. फक्त मध्यंतर झालं की सगळ्यांचे चेहरे पटापट विझत, तेवढं बघवत नसे.

रस्ते खुले झाले तरी परिषद पडद्यावरच ठेवायचं ठरलं. हे सांगायला अध्यक्षबाई स्वतः काकांच्या खोलीत आल्या. तीच ती संशोधिका, आता केस पिकलेली.

"ज्यांना कधीच येता येत नव्हतं त्यांना दार उघडलंय, काका. ते पुन्हा कसं लावून घेऊ?"

"लावूच नका," काका म्हणाले. "चहाचं तेवढं बघा."

"चहाचं?"

"चारचौघांत माणूस आपली चूक कबूल करत नाही, ताई. हातात कप असला की करतो."

बाई हसल्या आणि जाता जाता त्यांनी तळहातावर 'चहा' असं लिहून घेतलं.

त्याच वर्षी काका निवृत्त झाले. पुढच्या परिषदेचं आमंत्रण त्यांच्या घरी आलं. त्यात लिहिलं होतं, 'मध्यंतरात ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबावं, विषय कोणताही चालेल.' काका कप घेऊन पडद्यासमोर बसले. चेहरे नेहमीप्रमाणे विझत गेले. शेवटी उरले काका आणि टक्कल पडलेले एक अनोळखी गृहस्थ. ते चहात बिस्किट बुडवत होते.

"तुमच्याकडे किती वाजले?" काकांनी विचारलं.

"संध्याकाळ होत आलीय. तुमच्याकडे?"

"आत्ताशी अकरा."

मग गुडघे निघाले, नातवंडं निघाली, आणि गृहस्थांच्या गच्चीखाली राहणारी वटवाघळंही निघाली. एवढ्यात मध्यंतर संपलं आणि संयोजकांनी दोघांचे आवाज बंद केले. पुढचं भाषण सुरू झालं, पण काकांना त्यातलं पहिलं वाक्य कळलंच नाही. गृहस्थ आपलं बिस्किट कपात बुडाल्याचं खुणेने दाखवत होते आणि काका पोट धरून हसत होते.