पाचवी सवाष्ण

स्पष्टच सांगते, त्या गुरुवारपर्यंत माझा देवाशी काही संबंध नव्हता. वेगळ्या तेलंगणाची चळवळ जोरात होती. बरकतपुरा, नल्लकुंटा या भागातल्या मराठी घरांसाठी पत्रकं मी लिहायची, वाटायचीही मीच. घरी आई मार्गशीर्षातले गुरुवार करायची, दिवसभर कोरडा उपास धरून. मधुमेह असलेल्या बाईनं हे करावं याचा मला संताप यायचा. तिच्याशी मी सभेत बोलल्यासारखी बोलायची, आणि ती शांतपणे घटाला फुलं वाहायची. तुझ्या देवीनं तुला काय दिलं, असं मी विचारलं की म्हणायची, "तुला दिलं ना. आता भोगतेय."

माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. ते सिनेमातल्यासारखे छाती धरून खाली बसले आणि अख्खी गल्ली धावली. तेव्हापासून घरात त्यांचं जेवण बिनमिठाचं, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि सोबत फाईल घेऊन आई. तिची स्वतःची नाडी कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. हृदयाचं दुखणं पुरुषांचं, बायकांचं ते पित्त, अशी आमच्या घरची वाटणी होती.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं आणि त्याच दिवशी शहर बंद. बंदची पत्रकं मीच वाटली होती. सकाळपासून आईचा जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळ होत होती. अण्णा म्हणाले, पोटात रताळ्याची फोड नाही, पित्त खवळणारच. शेजारच्या काकूंनी आल्याचा रस दिला. संध्याकाळी पाच सवाष्णी हव्या होत्या, बंदमुळे चारच जमल्या. पाचवी मिळाल्याशिवाय आई पाटावर बसेना. शेवटी काकूंनी समोरच्या पायरीवर बसलेल्या एका तेलुगू बाईला बोलावून आणलं. काचीगुडा स्टेशनकडे निघालेली, गाड्या बंद म्हणून अडकलेली. पन्नाशीची असेल. काही न विचारता ती आत आली आणि ओळीत बसली.

आमच्याकडे आधी सवाष्णींचे पाय धुतात, मग कहाणी वाचतात, आणि कहाणी संपेपर्यंत वाचणारीनं पाटावरून उठायचं नसतं. त्या बाईचे पाय धुताना आईचा हात थंडगार, घामानं ओला होता. डिसेंबरच्या गारठ्यात. बाईनं तो हात क्षणभर धरून ठेवला. आई पाटावर बसली, चार ओळी वाचल्या आणि थांबली. श्वास पुरेना.

बाई म्हणाली, "अम्मा, ये गैस नहीं है. मेरेकू भी ऐसाइच हुआ था." तिलाही आधी जबडाच दुखला होता. गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला उचलून न्यावं लागलं होतं.

मी ओरडले, ऊठ म्हणून. अण्णाही म्हणाले. आई म्हणाली, "एवढी कहाणी संपू दे गं." तिला हाताला धरून ओढावं तर ती पाटाला घट्ट धरून बसलेली. माझे सगळे युक्तिवाद तिथं फुकट गेले. डोळ्यांदेखत ती राखेसारखी होत चालली होती.

मग ती बाई उठून आईसमोर उभी राहिली. "मेरे पाँव काहेकू धोए तुम?"

आई तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "आज तुम लक्ष्मी है."

"तो लक्ष्मी बोल रई. उठो."

आईनं तिच्याकडे पाहिलं, घटावर अक्षता टाकल्या आणि उठली. काकूंच्या मुलानं कार काढली. चौकात आमचीच पोरं दगड मांडून उभी होती. मला पाहून त्यांनी वाट दिली. गाडीत आईचं डोकं त्या बाईच्या मांडीवर होतं. दवाखान्यात धावपळ झाली आणि ती कधी गेली कळलं नाही. नावही विचारायचं राहिलं. पुढे काचीगुड्यापर्यंत चौकशी केली, काही लागलं नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी ऐकत राहिले. पाळी चालू असेपर्यंत शरीरातलं एक संप्रेरक बाईच्या रक्तवाहिन्यांना सांभाळतं, म्हणून पुरुषांना हा आजार आधी गाठतो. पाळी थांबली की तो आधार जातो. मधुमेह तर तो आधीच पोखरतो. बाळंतपणात रक्तदाब वाढला असेल तर तोही धोका पुढे राहतो, आणि माझ्या वेळी आईचा वाढला होता. छातीत बायकांनाही दुखतं, पण पुष्कळदा जबडा, पाठ, मळमळ, दम हेच पुढे येतं. मग बाई स्वतःही त्याला पित्त म्हणते आणि उशिरा पोचते. आईही उशिराच पोचली होती. हृदयाचा बराचसा भाग निकामी झाला होता.

त्यानंतर ती दीडेक वर्ष जगली. जिना चढता येत नसे, दोन शब्दांत दम लागे. त्या दिवसांत मी पत्रकं सोडून तिच्या उशाशी बसले. एकदा तिनं विचारलं, कोण होती गं ती?  आणि आपणच म्हणाली, "सांगून गेली की." मग एका दुपारी झोपेतच गेली.

मी याला चमत्कार म्हणत नाही. एक अडकलेली बाई होती, तिला जे ठाऊक होतं ते तिनं सांगितलं. पण आईनं परक्या बाईचे पाय देवीचे म्हणून धुतले नसते तर ती उठली नसती, आणि ते दीड वर्ष मला मिळालं नसतं. देणारी कोण, याचा वाद मी आता घालत नाही. मिळालं, एवढ्यासाठी हात जोडते.

आता मी बायकांच्या हळदीकुंकवांना जाते. उपास सोडा म्हणून भांडत नाही. जबडा, पाठ, घाम, दम, सगळं सांगते. आणि तसं दुखत असतानाही एखादी म्हणालीच, होईल गं बरं, एवढं आटोपू दे, तर वाकून तिचे पाय धरते. ती संकोचून पाय मागे घेते. मी सोडत नाही. ती उठेपर्यंत धरून ठेवते.