माझं म्हणायला शिकवणारी चंद्राआक्का

चंद्राआक्का मेढ्याकडची, मी फलटणच्या बाजूची. आमची गाठ पडली साखर कारखान्याच्या वसाहतीत. माझा नवरा तिथं फिटर होता आणि आक्का मोठ्या बंगल्यात पोरं सांभाळायला होती. आता मी सांगलीला, विश्रामबागेत लेकाकडं राहते. इथल्या बायका पोरांच्या इंग्रजी शाळेचा तोरा मिरवायला लागल्या की मला हसू येतं. आमच्या आक्कानं सेहेचाळीस साली पोरांना स्पॅनिश शिकवलं, तेही सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीवर, भाजी निवडत बसून. सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. न वाटेना का, माझं काय जातंय.

बंगला रामोन साहेबांचा. साहेब मूळचे स्पेनचे. तिकडं लढाई झाली, त्यांची बाजू हरली आणि परत जायची सोय उरली नाही. म्हणून बायकोला घेऊन इकडं कारखान्याची यंत्रं बघायला आले. बायकोचं नाव इसाबेल, आम्ही आपलं इसाबाई म्हणायचो. तिची भाषा बोलणारं आसपास चिटपाखरू नव्हतं. त्याच सुमाराला आक्काचा नवरा पलटणीबरोबर आफ्रिकेत गेला तो तिकडंच संपला, आणि आक्का ह्या बंगल्यात कामाला लागली. इसाबाई दिवसभर तिच्याशीच बोलायची, आपल्या भाषेत. आक्काही काही तोंड मिटून बसणारी नव्हे. तीनेक वर्षांत तिनं ती भाषा उचलली, अगदी भांडण करता येईल इतकी.

मग विषमज्वरात इसाबाई गेली. मागं दोन लेकरं, आना आणि तिचा धाकटा भाऊ पेपे. साहेबांचं बोलणंच आटलं. पहाटे कारखान्यात जायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे. पोरं आक्काच्या पदराला धरून वाढली आणि पक्की मेढ्याची बोली बोलायला लागली. ती गोरीपान आना “मला लय भूक लागलीया” म्हणायची तेव्हा वसाहतीतल्या बायका हसून लोळायच्या.

आना सहाची आणि पेपे तीनचा झाला तेव्हा साहेबांनी सांगितलं की उन्हाळ्यात आम्ही मेक्सिकोला जाणार. लढाईनंतर इसाबाईच्या माहेरची माणसं तिथं जाऊन राहिली होती, पोरं आता तिच्या आईच्या घरी वाढणार होती. पण म्हातारीची नजर गेलेली. नातवंडं डोळ्यांनी दिसायची नाहीत, आणि त्यांना तिची भाषा येत नाही. पोरं तिच्यापुढं मुकी उभी राहिली तर तिनं त्यांना ओळखायचं कसं? एवढं बोलून साहेबांनी मान खाली घातली.

“त्यात काय एवढं, मी शिकवते की,” आक्का म्हणाली. भाकरी थापायला सांगावं आणि हो म्हणावं, तसं म्हणाली.

दुसऱ्या सकाळी सोप्यात शाळा भरली. मधोमध लिंबू, तांब्या, पेपेचं पायताण आणि आनाची चिंध्यांची बाहुली. आपल्या छातीवर हात ठेवला की माझं, समोरच्याच्या छातीवर ठेवला की तुझं, आणि दोन्ही हात पसरून सगळ्यांना कवेत घेतलं की आमचं. माझ्याला त्यांच्यात ‘मी’, तुझ्याला ‘तू’ आणि आमच्याला ‘नुएस्त्रा’ म्हणायचं. आक्का म्हणायची, “पयले दोन तर आपल्याच घरातले हाईत, त्यांची काळजी न्हाई.” आणि ‘आमचं’ घोटून घ्यायची.

आजीला दिसत नाही, ह्याचाही तिनं विचार केला होता. आजीचा हात धरायचा, आपल्या छातीवर ठेवायचा आणि मग बोलायचं, असं तिनं पोरांना सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी साहेब सोप्यात येऊन बसले. आनाला विचारलं, ही बाहुली कुणाची? आना म्हणाली, नुएस्त्रा. म्हणजे आमची. पायताण कुणाचं? आमचं. पेपेनं अर्धा खाल्लेला लाडू? तोही आमचा. इसाबाई गेल्यापासून साहेब पहिल्यांदा हसले. मग मोडक्या मराठीत म्हणाले, “चंद्राबाई, ‘माझं’ कुठं गेलं?”

“आवं साहेब, माझं माझं करणाऱ्या पोराला आमच्यात कुणी चांगलं म्हणत न्हाई. सून घरात आली की ताट बी आमचं आणि खाट बी आमचीच म्हणायचं.”

“तिथं आजीला खूप नातवंडं. ‘आमची आजी’ ती रोज ऐकते,” साहेब म्हणाले. “इसाबेलच्या मुलांनी ‘माझी आजी’ म्हणायला पाहिजे.”

“आमची म्हणलं की माझी त्यात आलीच,” आक्का म्हणाली, आणि भाजी निवडायला लागली. साहेब उठून आत गेले.

मी तिथंच बसले होते. माझा स्वभाव तापट, आणि जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “आक्का, मेढ्याचं ओढ्याकाठचं शेत तुझ्या नवऱ्याच्या वाट्याचं. तू आमचं म्हणत ऱ्हायलीस, तुझा दीर बी आमचं म्हणत ऱ्हायला. आज पिकवतं कोण आणि खातं कोण? तुझ्या वाट्याला परक्याचा सोपा आला. ही पोरं बी तशीच धाडतीस का? हातातलं कुणी काढून घेतलं तर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई अशी?”

आक्का माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. वरवर मी फुशारकीनं हिंडले, पण दोनदा बंगल्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी बंगल्यातून भोकाड ऐकू आलं म्हणून मी धावत गेले. आक्कानं आनाची बाहुली हिसकावून आपल्या ओच्यात घातली होती.

“कुणाची बाहुली?”

“नुएस्त्रा,” आना रडत म्हणाली.

“आमची हाय ना? मग ऱ्हाऊ दे माझ्याजवळ.”

आना हुंदके देत उभी राहिली. मग तिनं दाणदिशी छातीवर हात आपटला आणि ओरडली, “मी मुन्येका!” माझी बाहुली. आक्कानं बाहुली दिली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बस लीले. च्या टाकते.”

त्यानंतर विचारू नका. पेपे तर एका दिवसात तयार झाला. लिंबू माझं, तांब्या माझा, मांजर माझं. बंगल्याची बाग बघणारा गुंडा माळी रडकुंडीला आला.

“आक्का, ह्यो माझं खुरपं बी त्याचं म्हणतोय.”

“मग तू बी छातीवर हात ठिव आणि माग,” आक्का म्हणाली.

निघायचे दिवस जवळ आले तशी आक्का स्वतः आजी व्हायला लागली. पदरानं डोळे बांधून पाटावर बसायची. पोरं एकेक करून यायची, तिचा हात आपल्या छातीवर ठेवायची आणि म्हणायची, “मी आबुएला.” माझी आजी. म्हणून झाल्यावरही आक्का तो पदर लवकर सोडायची नाही. तिला स्वतःचं पोर नव्हतं. बघून माझा जीव तुटायचा.

लोणंदच्या स्टेशनावर आम्ही दोघी पोचवायला गेलो. साहेबांनी आक्काला वाकून नमस्कार केला. गाडीच्या खिडकीतून आनानं आक्काचा हात ओढून छातीवर ठेवला आणि म्हणाली, “मी चंद्रा.” तर पेपेनं तोच हात आपल्याकडं खेचला. “मी चंद्रा!” शिट्टी होईपर्यंत दोघं त्या हातासाठी भांडत होती. आक्का रडत होती आणि हसतही होती. मला वाटलं, ती आता म्हणणार, भांडू नका, दोघांची. तसं काही म्हणाली नाही.

गाडी गेली. मी म्हटलं, “चल घरी.”

“न्हाई,” आक्का म्हणाली, “मेढ्याला जाऊया.”

मेढ्यात पोचलो तर तिचा दीर नाथाजी घराच्या ओट्यावर बसला होता, भावकीतली चार माणसंही होती. “या वैनी,” तो म्हणाला, “आपलंच घर हाय.”

आक्का बसली नाही. “ओढ्याकाठच्या शेताचं बोलायला आलीया.”

“ते बी आपलंच की. आपल्यात कसलं तुझं-माझं?”

आक्कानं छातीवर हात ठेवला. “घर आपलं, भावजी. शेत माझं.”

भावकीतली माणसं नाथाजीकडं बघायला लागली. शेत कुणाच्या वाट्याचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. “बरं, लावा औंदा भात तुमी,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “पर वैनी, असं बोलायला तुमाला शिकवलं कुणी?”

“माझ्या पोरांनी,” आक्का म्हणाली.